घसारा : वहीतला आणि चाकाजवळचा

व्यापारी कुटुंबाला ‘घसारा’ हा शब्द नवा नाही. वर्षअखेरीस जमाखर्चाची जुळवणी करताना दुकानातील फर्निचर, संगणक, गाडी यांच्या किमतीतून ठरलेली रक्कम वजा होते. मोटारगाडीवर साधारणतः दरसाल १५ टक्के घसारा धरला जातो. वहीतला हा घसारा नेमका मांडता येतो आणि त्याचा लाभही मिळतो. मात्र त्याच गाडीच्या पोटाखाली, चाकाजवळ, मुठीत मावतील एवढ्या रबराच्या काही तुकड्यांत दुसरा एक घसारा रोज होत असतो. त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तो उघडकीस येतो तेव्हा बहुधा गाडीत घरची माणसे बसलेली असतात.

या तुकड्याला गॅरेजमध्ये ‘बुश’ म्हणतात. इंजिन, गिअर, बॅटरी, टायर यांच्याविषयी आपण मिस्त्रीला पुष्कळ प्रश्न विचारतो. बुशविषयी सहसा कोणी विचारत नाही, कारण तो दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू इतकाच, की आपल्या वऱ्हाडातील रस्ते, ऊन आणि माती या तुकड्यावर काय परिणाम करतात, तो केव्हा बदलावा आणि बदलताना कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे, हे गाडीच्या मालकाला स्वतः समजावे.

रस्ता सुधारला, गाडीचे काय?

अमरावती आणि अकोला ही दोन शहरे आपल्या समाजाच्या व्यवहाराने घट्ट बांधलेली आहेत. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या गावांवरून सोयरिकीसाठी, वसुलीसाठी, दवाखान्यासाठी आपली ये-जा अखंड चालते. या महामार्गाचे चौपदरीकरण कित्येक वर्षे रखडले होते. खोदून ठेवलेल्या कडा, अर्धवट पूल, खड्डे आणि वळणरस्ते यांतून लोकांनी गाड्या हाकल्या. पुढे ३ जून २०२२ रोजी सकाळी सुरू झालेले डांबरीकरण ७ जूनच्या सायंकाळी संपले आणि लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एकपदरी पट्टी सलग अंथरली गेली. दुपदरी रस्त्याच्या हिशोबाने ती लांबी साडेसदतीस किलोमीटर होते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या या कामाची नोंद गिनेस विक्रमांत झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता.

रस्ता चांगला झाला ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु एक बाब ध्यानात येत नाही. रस्ता पाच दिवसांत नवा झाला, तरी जुन्या रस्त्याचे हादरे खाल्लेल्या गाड्या जुन्याच राहिल्या. शिवाय महामार्ग सोडून आपण दर्यापूर, अकोट, तेल्हारा, अंजनगाव या बाजूंना वळलो, की काळ्या मातीवरचे रस्ते पुन्हा भेटतातच. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी ताशी ३०–४० किलोमीटरने चाले. तेथे ढिला झालेला बुश खडखडला, तरी तो आवाज रस्त्याच्या खात्यावर जमा होई. आता तीच गाडी ९० च्या वेगाने धावते. आवाज येत नाही, म्हणून गाडी ठीक आहे असे वाटते. पण ४० च्या वेगात केवळ कुरकुरणारा बुश ९० च्या वेगात, अचानक ब्रेक दाबावा लागला असता, चाकाची दिशा बदलू शकतो. चांगल्या रस्त्याने वाईट बुश लपतो आणि अधिक धोक्याचा होतो.

बुश करतो काय?

गाडीचे चाक थेट सांगाड्याला जोडलेले नसते. चाकाला वर-खाली होता यावे, पण पुढे-मागे किंवा आजूबाजूला सरकता येऊ नये, यासाठी लोखंडी भुजा असतात. बहुतेक लहान मोटारींत पुढच्या प्रत्येक चाकाला खालच्या बाजूस अशी एक भुजा असते, तिला ‘लोअर आर्म’ म्हणतात. तिचे एक टोक बॉल जॉइंटने चाकाकडे आणि दुसऱ्या बाजूची दोन टोके बुशच्या आधाराने सांगाड्याकडे जोडलेली असतात.

बुशची रचना साधी आहे. बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लहान लोखंडी नळी, आणि दोहोंच्या मध्ये घट्ट चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये ठोस बसते, आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळली जाते. चाक वर-खाली होते तेव्हा या दोन नळ्यांच्या मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. येथे काहीही घासत नाही, म्हणून वंगणाची गरज नाही. अम्बॅसेडरच्या काळात मिस्त्री ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरत असे. आता ते काम उरलेले नाही, हे याच रबराचे उपकार. पण ग्रीससाठी गाडीखाली नियमित जाणेही त्याबरोबर संपले आणि वेळेवर लक्ष जाण्याची संधी गेली.

आर्मच्या दोन बुशांची कामे वेगळी आहेत. पुढचा बुश वळणावर चाकाला आडवे सरकू देत नाही. मागचा बुश सहसा मोठा व मऊ असतो. ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यात चाक आदळताना जो मागे ढकलणारा जोर येतो, तो हा बुश झेलतो. तो फाटला, की ब्रेक लागताच चाक किंचित मागे सरते आणि त्याचे तोंड फिरते. एका बाजूचा बुश चांगला आणि दुसऱ्या बाजूचा फाटलेला असेल, तर गाडी एका अंगाला ओढते. सुकाणू हातात असूनही गाडी आपल्या मनाने चालते.

वऱ्हाडचे ऊन आणि काळी माती

चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर व गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर बनवण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्या रीतीमुळे रबर उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ठिसूळ होईनासे झाले. तरी उष्णता आणि हवेतील प्राणवायू आपले काम सोडत नाहीत. वर्षानुवर्षे तापलेले रबर हळूहळू कडक होते, त्याची लवचीकता जाते. हवेतील ओझोन वायू ताणलेल्या रबरावर बारीक भेगा पाडतो. मे महिन्यात अकोला-अमरावतीचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेव्हा डांबराची धग आणि इंजिनाची उष्णता या दोहोंच्या मध्ये हा बुश असतो. इंजिन ऑइलची गळती त्यावर ठिबकत असेल, तर नैसर्गिक रबर फुगून लिबलिबीत होते. म्हणून ‘थोडे ऑइल गळते, चालते’ असे म्हणणे बुशला महागात पडते.

दुसरे कारण पायाखाली आहे. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता म्हणून लवकर लाटांसारखा होतो. खड्डा एकदा धक्का देतो, पण लाटांचा रस्ता दर काही मीटरवर रबर पिळत राहतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. तेथील बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी वारंवार धुतली, तर खालच्या लोखंडाला लवकर गंज धरतो. कित्येकदा बुश बदलायला घेतला असता बोल्ट आतल्या नळीत गंजून असा धरून बसतो, की तो कापूनच काढावा लागतो आणि पाऊण तासाचे काम दिवसभर लांबते.

तिसरे कारण आपल्याच हातचे, म्हणजे वजन. लग्नसराईत पाच माणसांच्या गाडीत सात बसतात, डिकीत भांडी आणि कापडाचे गठ्ठे जातात. मालवाहू ‘छोटा हत्ती’ किंवा पाट्यांच्या गाडीत तर क्षमतेचा विचारच मागे पडतो. पाट्यांच्या टोकांनाही बुश असतात. जादा वजनाने ते आधी चेपतात, मग लोखंड लोखंडावर घासू लागते.

गाडी काय सांगते, ते ऐकावे

बुश एका दिवसात जात नाही, आणि जाण्याआधी सांगतो. गतिरोधक ओलांडताना पुढून ‘धप्’ असा बोजड आवाज, ब्रेक दाबताना किंवा मागे घेताना एकदाच ‘टक’, सरळ रस्त्यावर सुकाणू सतत थोडे सावरावे लागणे, ब्रेक लागताना गाडी एका अंगाला जाणे, या त्याच्या खुणा आहेत. सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे टायर. टायरच्या पृष्ठावरून आतून बाहेर आणि बाहेरून आत असा तळहात फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, किंवा आतली कडा जास्त झिजलेली दिसली, तर चाकाचे तोंड जागेवर नाही असे समजावे. अलाइनमेंट करून घेतल्यावर महिन्या-दीड महिन्यात ते पुन्हा बिघडत असेल, तर दोष बहुधा अलाइनमेंटच्या यंत्रात नसून बुशमध्ये असतो. ढिल्या पायावर भिंत सरळ उभी राहत नाही.

मात्र प्रत्येक आवाज बुशचा नसतो, हेही जाणावे, म्हणजे विनाकारण खर्च होत नाही. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत ‘खडखड’ येत असेल, तर आधी लिंक रॉड पाहावा. गाडी उभी असताना सुकाणू फिरवल्यावर आवाज येत असेल, तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे संशय जातो. पूर्ण वळण घेताना ‘कटकट’ आली, तर तो चाकाला गती देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा आवाज असतो. ‘पुढून आवाज येतो’ एवढेच सांगण्याऐवजी केव्हा, किती वेगात, ब्रेकवर की वळणावर, असे सांगितले, तर मिस्त्रीचे निदान अर्धे सोपे होते.

निदानाची खात्रीची रीत एकच. गाडी लिफ्टवर घेऊन, आर्म आणि सांगाडा यांच्या मध्ये लहान पहार घालून हलके दाबावे. चांगला बुश थोडा लवतो आणि परत येतो. फाटलेल्या बुशमध्ये भेग उघडते किंवा आर्म सैल हलतो. वरवरची बारीक तडे असलेली साल म्हणजे बुश गेला असे नव्हे. रबर नळीपासून सुटले आहे का, भेग आरपार आहे का, हे पाहायचे असते. ही पाहणी आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगण्यात संकोच नसावा. घरी केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे.

बदलण्याची रीत

काम पुढीलप्रमाणे चालते. गाडी उचलून मजबूत स्टँडवर ठेवतात, चाक काढतात, बॉल जॉइंट सोडवून आर्म खाली घेतात. जुना बुश हायड्रॉलिक प्रेसने दाबून बाहेर काढतात. आर्मचे भोक साफ करून नवा बुश प्रेसनेच आत बसवतात. यात तीन ठिकाणी चुका होतात.

पहिली, हातोडा. ठोकून बसवलेला बुश तिरका जातो, बाहेरची नळी दबते, कधी आर्मचेच भोक वाकते. प्रेसचा जोर बाहेरच्या नळीवर यावा, रबरावर नाही. रबर सरकण्यासाठी काही लावायचेच असेल, तर साबणाचे पाणी पुरते. ग्रीस किंवा ऑइल लावू नये.

दुसरी, दिशा. मागच्या मोठ्या बुशमध्ये अनेकदा रबराला मुद्दाम पोकळ जागा ठेवलेल्या असतात, म्हणजे एका दिशेने तो मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक राहतो. त्यावरची खूण आर्मच्या खुणेशी जुळवूनच तो बसवावा लागतो. फिरवून बसवला, तर नवा बुशही चुकीचे काम करतो.

तिसरी चूक सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग. बोल्ट शेवटचा आवळायचा, तो गाडीचे वजन चाकांवर आल्यावर. लिफ्टवर असताना चाक खाली लटकते. आर्मची लांबी ३५ सेंटीमीटर धरली आणि चाक ९ सेंटीमीटर खाली आले, तर आर्म सुमारे १५ अंशांनी कललेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला, की आतली नळी तेथेच पक्की होते. मग गाडी खाली घेताच रबर १५ अंशांनी पिळले जाते आणि तसेच पिळलेले राहते. उभ्या गाडीतही त्याला विश्रांती नाही. असा बुश काही महिन्यांत फाटतो, आणि दोष मालाला दिला जातो. ज्या बुशचा बोल्ट आडवा असतो, त्याला हा नियम विशेषकरून लागू आहे. गाडी जमिनीवर घेऊन, किंवा आर्मखाली आधार देऊन चाक नेहमीच्या उंचीवर आणून, सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने बोल्ट आवळावा. ‘मिस्त्री, शेवटचा पाना गाडी खाली घेऊनच माराल ना?’ एवढा एकच प्रश्न आदराने विचारला, तरी जाणता कारागीर हसून ‘हो शेठजी’ म्हणेल, आणि घाईत असलेला सावध होईल.

दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदलावेत. दोन्ही बाजूंनी अंतर सारखेच कापलेले असते. एक कडक आणि एक मऊ अशी जोडी गाडीला तोल देत नाही. काम संपल्यावर अलाइनमेंट करणे हा ऐच्छिक भाग नव्हे, ते त्याच कामाचे शेवटचे पाऊल आहे.

हिशोबाची बाजू

बुश सुटा घ्यावा की संपूर्ण आर्म? सुटा बुश स्वस्त पडतो, पण प्रेसची मजुरी लागते. बॉल जॉइंटमध्येही ढिलाई असेल किंवा आर्म वाकला असेल, तर आर्म पूर्ण बदलणेच परवडते, कारण पुन्हा तीच मजुरी आणि तेच अलाइनमेंट द्यावे लागत नाही. आर्म धड आणि प्रेस चांगली उपलब्ध असेल, तर केवळ बुश बदलण्यात काही कमी नाही.

बाजारात पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते अधिक कडक असतात आणि जास्त टिकतात. मात्र त्यांतील अनेक रबरासारखे पिळले न जाता नळीवर फिरतात, म्हणून त्यांना खास वंगण लागते. न मिळाल्यास ते कुईंकुईं करतात, आणि रस्त्याचा प्रत्येक थरकाप आत पोहोचवतात. कंबर-गुडघे दुखणारे ज्येष्ठ ज्या गाडीत बसतात, तिला चांगल्या प्रतीचा रबरी बुशच योग्य.

पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्यातील काही भागांवर पूर्वी २८ टक्के होता. घरच्या प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवरील कराचे इनपुट क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही, मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवर ते मिळू शकते. तेव्हा दोन्ही गाड्यांची बिले वेगळी ठेवून आपल्या कर सल्लागारास दाखवावीत. पक्क्या बिलाचा खरा लाभ कराहून मोठा आहे. बनावट माल निघाला, तर दाद मागायला तोच कागद हाती असतो. दोनशे रुपये वाचवून घेतलेला बनावट बुश चार हजारांचा टायर खातो, हे गणित व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

केव्हा पाहावे?

आपल्याकडे पाहणीचे दोन काळ सोयीचे आहेत. पहिला, उन्हाळा संपताना, चातुर्मासाच्या आधी. उन्हाने कडक झालेले रबर तेव्हा स्पष्ट दिसते, आणि पुढे पावसातील प्रवास असतात. मुनिदर्शनासाठी, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला, परतवाड्याजवळील मुक्तागिरीला जाणारी कुटुंबे याच काळात वाढतात. अकोल्याहून शिरपूरकडे जाताना पातूरचा घाट लागतो. ओल्या उतारावर ब्रेक लागताना चाक आपल्या जागी राहणे, हे सगळे त्या मागच्या बुशवर अवलंबून असते. दुसरा काळ दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्यातील चिखल आणि खड्डे होऊन गेल्यावर.

एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष मनावर घ्यावी. विहार करणारे साधू-साध्वी पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने पायी चालतात. त्याच कडेने शेतावर निघालेले मजूर आणि शाळेची मुलेही चालतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. अशा वेळी ब्रेक दाबल्यावर गाडी हातभर डावीकडे ओढली गेली, तर चालकाच्या सावधपणाचा काही उपयोग होत नाही. आपण चालताना पायाखाली पाहतो, पाणी गाळून पितो. जी गाडी आपण रस्त्यावर आणतो, तिची चाके सांगितल्या दिशेने जातील याची खात्री करणे हीदेखील त्याच काळजीची बाब आहे.

अनेक घरांत गाडी वडिलांच्या नावावर, चालवणारा मुलगा किंवा पगारी चालक, आणि गॅरेजला नेणारा तिसराच कोणी, अशी विभागणी असते. त्यामुळे आवाज एकाला ऐकू येतो आणि खर्चाचा निर्णय दुसऱ्याकडे राहतो. सूनबाई किंवा लेक ‘गाडी ब्रेकवर ओढते’ असे म्हणाली, तर ‘तुला सवय नाही’ असे म्हणून ते उडवून लावू नये. गाडी रोज हाताळणाऱ्याला तिचा बदल आधी कळतो. चालकालाही सांगून ठेवावे, की दोष कळवल्यास रागावणार नाही.

वहीत एक पान गाडीसाठी असावे. तारीख, किलोमीटरचा आकडा, कोणत्या बाजूचा कोणता बुश बदलला, कोणत्या बनावटीचा, अलाइनमेंट केव्हा झाले, बिलाचा क्रमांक. पुढच्या वेळी मिस्त्री ‘शेठजी, बुश गेले’ म्हणेल तेव्हा ते पान उघडावे. ते किती चालले हे पाहून मगच निर्णय घ्यावा. आणि घेतला, की दुसऱ्या गावाला जाण्याआधी तो अमलात आणावा.